घाट, गाडी आणि मागचे दार

संपादकांनी नेहमीप्रमाणे वर्षातल्या कादंबऱ्यांवर लेख मागितला होता. त्यासाठी चार पुस्तके घेऊन मी श्रावणात चिखलदऱ्याला गेलोही. पण पाऊस असा लागला की पुस्तके पिशवीतच दमट झाली, आणि परतवाड्याहून वर चढताना नि आठ दिवसांनी खाली उतरताना ज्या एका कृतीचा विचार मनात घोळत राहिला, ती कृती चार चाकांची निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९८ साली पुण्याला प्रसिद्ध झाली. पुढे सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. २०१९ साली ती बाजारातून उठली आणि २०२१ साली तेच नाव धारण करून एक निराळीच गाडी आली. नाव सफारी. कर्ते टाटा. आता टीकाकाराने मोटारीवर लिहावे काय, असे कोणी विचारील. विचारो बापडा. ज्या वस्तूला आशय आहे, घाट आहे आणि एकामागून एक आवृत्त्या आहेत, ती वस्तू टीकेच्या कक्षेबाहेर का ठेवायची?

'घाट' हा शब्द मी मुद्दामच वापरला. आपल्या समीक्षेत तो चांगला रुळला आहे. कवितेचा घाट, कथेचा घाट असे आपण सहज म्हणून जातो. परंतु आम्हां वऱ्हाडातल्या माणसांना घाट म्हटला की धामणगाव गढीवरून वर चढणारा रस्ता आधी दिसतो. मेळघाट या नावातच घाट आहे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांवर वसलेल्या या गावी पोचायचे तर सातपुड्याची वळणे चुकत नाहीत. गाडीच्या बाबतीत हे दोन्ही घाट एकमेकांपासून फार दूर नाहीत, असे माझे मत झाले आहे. गाडीचा घाट कसा असावा, हे ती कोणता घाट चढणार त्यावर ठरते; निदान ठरावे.

इथल्या डोंगराने ओढीची परीक्षा फार जुन्या काळापासून घेतली आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगडाला वेढा घातला, तेव्हा स्टीव्हन्सनच्या फौजेला जड तोफा घेऊन डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूने यावे लागले. रस्ता नव्हताच. रस्ता करायचा आणि त्यावरून तोफ ओढायची, असे दिवसच्या दिवस चालले. १५ डिसेंबरला गड पडला. युद्धाचा इतिहास लिहिणारे भिंतीला पडलेल्या खिंडाराविषयी लिहितात. मला मात्र त्या ओढणाऱ्यांची दमछाक दिसते.

सफारीची वंशावळ सांगायची तर सुरुवात जीपपासून केली पाहिजे. रक्ताच्या नात्याने नव्हे, संस्काराच्या नात्याने. जीप ही अमेरिकेच्या विलीज कंपनीची, १९४१ साली लढाईसाठी जन्मलेली. स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत ती जोडायला घेतली. माझे वडील वनखात्यात होते आणि १९६० नंतरची काही वर्षे आमचे बिऱ्हाड चिखलदऱ्यालाच होते. साहेबांची जीप आली की आम्ही पोरे मागे धावत असू. पुढे साहेब आणि ड्रायव्हर. मागे दोन बाजूंना दोन बाके, एकमेकांकडे तोंड केलेली, वर ताडपत्री. फळी खाली पाडली की मागे दार वगैरे काही नाही, नुसते मोकळे आकाश. शिपाई, रखवालदार, एखादे जखमी हरिण, धान्याची पोती, वाटेत भेटलेली म्हातारी, सगळे त्याच वाटेने आत जात. पुढचा भाग सरकारचा आणि मागचा भाग रयतेचा, अशी ती विभागणी होती. साहेबाला मागे वळून पाहण्याची गरज नसे आणि मागच्यांना साहेबाची परवानगी लागत नसे. ड्रायव्हरने मान हलवली की पुरे. जीपच्या घाटातली ही गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. आज कळते, कारण आज ती राहिलेली नाही.

पुढचा दुवा म्हणजे टाटांची सुमो. १९८८ साली टाटांनी टाटामोबाइल नावाची छोटी मालवाहू गाडी काढली होती. तिच्याच हाडामांसावर १९९१ साली सिएरा, पुढच्या वर्षी इस्टेट आणि १९९४ साली सुमो अशा गाड्या बेतल्या गेल्या. सुमो या नावाचा जपानी पहिलवानाशी संबंध नाही. पुण्याचा कारखाना ज्यांनी उभारला त्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची ती आद्याक्षरे. कारखानदाराचे नाव असे लपवून गाडीला देणे, यात मला एक जुन्या वळणाचा संकोच दिसतो. सुमो खासगी मालकांच्या दारात उभी राहिलीच, पण तिचे खरे राज्य झाले ते आमच्याकडे काळीपिवळीच्या रूपाने. परतवाड्याच्या थांब्यावर "सरका न थोडकसं, अजून दोन सिटा बसतेत" ही घोषणा ऐकल्याखेरीज जीप असो की सुमो, हललेली मी पाहिली नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की त्या दोन सिटा नेहमी मागच्या दारानेच आत येत.

आता खुद्द सफारी.

हा शब्द आपल्याकडे आफ्रिकेच्या रानातून इंग्रजीमार्गे आला असे आपण समजतो. स्वाहिलीत तो अरबीतून गेला, आणि अरबी 'सफर' तर आपल्या बखरींच्या काळापासून घरचीच आहे. म्हणजे शब्द सारे जग हिंडून माहेरी आला. (गंमत अशी की मेळघाटात खरी जंगलसफारी घडवली ती मारुतीच्या हलक्याफुलक्या जिप्सीने.)

१९९८ ची सफारी पाहिली की कोणत्याही डोळस माणसाला वाटावे, ही गाडी कोणीतरी आतून बाहेर अशी काढली आहे. खाली शिडीसारखी भक्कम चेसिस, तिच्यावर बसवलेले अंग. छप्पर मध्येच एक पायरी चढून उंच होते, कारण मागच्या माणसाला डोक्यावर जागा हवी आणि पुढच्याच्या डोक्यावरून बाहेरचे दिसायला हवे. काचा मोठ्या, कारण गाडी पाहण्यासाठी काढलेली. मागच्या दारावर जास्तीचे चाक टांगलेले, कारण वाटेत चाक बदलावे लागेल हे गृहीत. हे दार बिजागरीवर बाजूला उघडते, घराच्या दारासारखे. आणि आत त्याच जीपची दोन समोरासमोरची बाके. शिवाय हवी असल्यास चारही चाकांना ओढ. ज्याला आपण आशयातून उगवलेला घाट म्हणतो, त्याचे याहून सोपे उदाहरण वर्गात द्यायला मला सापडले नसते. एकही रेघ निव्वळ शोभेची नव्हती, असे मी म्हणणार नाही. पण शोभेच्या रेघा थोड्या होत्या.

दोष झाकण्याचेही कारण नाही. दोन टनांच्या आसपास वजन आणि दोन लिटरांच्या यंत्राची नव्वदच्या आसपास अश्वशक्ती, हा संसार ओढाताणीचाच होता. गाडीचा थाट मोठा आणि श्वास लहान. घाटात लाकडाचा ट्रक पुढे असला तर तो ओलांडण्यापूर्वी विचार करावा लागे, आणि विचार पुरा होईपर्यंत वळण येई. आवाजाची भव्यता आहे पण दम अपुरा, अशा कवींची आपल्याकडे वाण नाही, तसेच हे. २००५ साली तीन लिटरांचे डायकॉर यंत्र आले, २००७ साली २.२ लिटरांचे, एकशे चाळीस अश्वशक्तीचे आले, आणि तेव्हा कुठे या देहाला साजेसा प्राण मिळाला. त्या काळातल्या जाहिराती माणसाला कचेरी सोडून रानात जायला सांगत. किती माणसे गेली कोण जाणे. पण गाडी तरी जाऊ शकत होती.

२०१२ ची स्टॉर्म ही आवृत्ती मी थोडक्यात आटोपतो. चेसिस नवी आणि अधिक चांगली, चाल सुधारलेली, २०१५ साली यंत्राचा जोर आणखी वाढवलेला. सैन्याने २०१७ साली जिप्सीच्या जागी ३,१९२ गाड्या मागवल्या, यावरून तिच्या कणखरपणाविषयी निराळी साक्ष नको. एक बारीकसा बदल मात्र सांगतो. दारावरचे चाक काढून गाडीच्या पोटाखाली नेले. दार हलके झाले, दिसायला नीटनेटके झाले. पण ज्या चाकामुळे ते दार 'मागचे दार' म्हणून लांबून ओळखू येत होते, ती खूण गेली.

आणि मग २०२१. कंपनीने २००८ साली इंग्लंडातली जग्वार आणि लँड रोव्हर ही घराणी विकत घेतली होती. त्यांतल्या लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून पुण्याला नवा सांगाडा तयार झाला. त्यावर आधी २०१९ साली हॅरियर आली आणि दोन वर्षांनी तिचीच थोरली, तीन ओळींची बहीण आली. प्रदर्शनात तिचे नाव दुसरेच ठेवले होते. बाजारात उतरताना ते बदलून सफारी केले. इथे टीकाकाराने थांबायला हवे. कारण हा केवळ बारशाचा प्रश्न नाही. नाव आधी ठरून त्यातून गाडी घडली नाही. गाडी आधी घडली आणि मग कपाटातले जुने नाव काढून तिला घातले. या गाडीत शिडीची चेसिस नाही, अंग आणि चौकट एकजीव आहेत. ओढ पुढच्या दोन चाकांना. ज्या घराण्याची ख्याती चारही चाकांच्या ओढीवर उभी, तिथून सांगाडा आला आणि ओढ माहेरीच राहिली. ओल्या मातीच्या चढावर गाडीचा भार मागे झुकतो, पुढची चाके हलकी होतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. हे समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही, बैलगाडी ढकललेली असली की पुरते. २०२५ साली विजेवर चालणाऱ्या हॅरियरला चारही चाकांची ओढ मिळाली, म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतली नव्हती.

छपराची पायरी मात्र ठेवली आहे. ती पाहून मला एक जुनी खोड आठवली. लेखक आपल्याच पूर्वीच्या पुस्तकातली एखादी गाजलेली लकब पुढच्या पुस्तकात घालतो, वाचकाने ओळखावे म्हणून. पायरीचा उपयोग शेवटच्या ओळीला अजूनही होतो, हे मान्य. तरी ती आता अवतरणचिन्हांत उभी असल्यासारखी वाटते.

या बाबतीत नाशिकच्या गाडीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ साली आली. २०२२ साली तिची सर्वस्वी नवी आवृत्ती काढताना त्यांनी जुनीही 'क्लासिक' म्हणून विकायला ठेवली, आणि नवीतही शिडीची चेसिस टिकवली, हवी त्याला चारही चाकांची ओढ दिली. वाचकाला दोन्ही पाठ समोर ठेवून हवा तो निवडू देणे, हा संपादनाचा प्रामाणिक मार्ग. तिच्या रूपाविषयी मला फारसे प्रेम नाही, ती मला जरा छाती काढून चालणारी वाटते. पण नावाशी तिने इमान राखले.

इथपर्यंतचा मजकूर मी चिखलदऱ्याला रात्री लिहिला आणि माझ्या मुलीला वाचून दाखवला. ती ऐकून गप्प बसली. मग तिने डाव्या भुवईवरचे केस बाजूला केले.

ती नऊ वर्षांची असताना याच घाटातून आम्ही भाड्याच्या गाडीने येत होतो. गाडी कोणत्या बनावटीची होती ते सांगण्यात अर्थ नाही. तशी बाके तेव्हा पुष्कळ गाड्यांना असत. पुढे जागा असूनही मीच तिला हट्टाने मागच्या आडव्या बाकावर बसवले होते, 'तिथून सारे दिसते' म्हणून. वळणावर गाय आडवी आली. ड्रायव्हरचा दोष नव्हता, त्याने ब्रेक दाबला म्हणून तर गाय वाचली. मुलगी बाकावरून उडाली आणि तिचे कपाळ लोखंडी दांडीवर आपटले. चार टाके पडले. डोळा एका बोटाच्या अंतराने राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही घाट घाट म्हणता, त्यात माणूस कुठे बसतो ते पण बघा ना."

टीकाकाराला असे वाचक क्वचित मिळतात. बाजूला तोंड करून बसलेल्या माणसाला समोरची धडक बसली तर पट्टासुद्धा त्याला धड वाचवू शकत नाही, आणि त्या काळच्या अशा बाकांवर पट्टा नसायचाच. नव्या सफारीत शेवटच्या ओळीतला माणूसही पुढे तोंड करून, पट्टा बांधून बसतो. हवापिशव्या आहेत. २०२३ साली सुधारून आलेल्या आवृत्तीला ग्लोबल एनकॅपच्या धडकचाचणीत पाचपैकी पाच तारे मिळाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या देशाच्या भारत एनकॅपचे पहिले निकाल लागले त्यातही पाच. हे तारे काही पुरस्कार समित्यांचे नव्हेत. गाडी खरोखर आपटून दिलेले आहेत. ज्या घाटाला मी आशयाशी एकरूप म्हणून वाखाणत होतो, त्याच्या आशयात मुलाचे डोके धरलेले नव्हते. मी वाखाणताना ते धरायला विसरलो, हा माझा दोष अधिक मोठा. कारण टाके मी पाहिले होते.

तेव्हा जुनी श्रेष्ठ आणि नवी नकली, हा निकाल मी मागे घेतो. नवी गाडी कृती म्हणून अधिक पक्व आहे. तिने ज्या माणसांना आत घेतले त्यांची काळजी जुनीपेक्षा कितीतरी अधिक वाहिली आहे. माझी तक्रार आता एवढीच उरते की तिने कोणाला आत घ्यायचे हे आधीच ठरवून टाकले आहे. तिचे मागचे दार वर उघडते आणि त्यातून फक्त सामान आत जाते. माणसाने शिरायची ती वाट राहिली नाही. शेवटच्या ओळीत जायचे तर मधल्यांनी उठायचे, आसन पुढे पाडायचे, आणि घरच्या बैठकीतून वाट काढीत मागे जायचे. अशा वाटेने पाहुणा जातो. वाटेवरचा माणूस जात नाही.

हे मी तर्काने लिहिले आहे असे वाटू नये. परतताना आम्ही घटांगच्या बाजूने उतरलो. गाडी भाच्याची, २०२१ ची, आत शिंपल्यासारखी पांढरी गादी. भाऊजींची जुनी सफारी, २००० साली घेतलेली, चांदूरबाजारला संत्र्याच्या बागेत उभी असते. तिच्या मागच्या बाकांवर समोरासमोर बसून याच भाच्याने लहानपणी गाण्याच्या भेंड्या जिंकल्या आहेत. तर भाचा चालवीत होता, त्याच्या शेजारी मी; मध्ये ताई, भाऊजी आणि माझी मुलगी; शेवटच्या ओळीत नात, पट्टा बांधून, आणि तिच्या शेजारची एक जागा रिकामी. पाऊस कोसळत होता. वळणावर झाडाखाली एक कोरकू बाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि काखेत गाठोडे घेऊन उभी होती. तिने हात केला. भाच्याने गाडी थांबवली, हे मी आधी नमूद करतो. तो बापाच्या वळणावर गेला आहे.

बाई सवयीने मागे गेली आणि मागच्या दारापाशी उभी राहिली. दार बंद. आत आमच्या पिशव्या, आणि त्यातल्या एकीत माझ्या चार कादंबऱ्या. ती काचेवर पडणाऱ्या पावसाकडे पाहत होती आणि आम्ही आत आरशात तिच्याकडे पाहत होतो. भाचा छत्री घेऊन उतरला, तिला बाजूच्या दारापाशी घेऊन आला. मग ताई उतरल्या, गुडघ्यांना हात लावीत. आसन पुढे पाडले. बाईने आत डोकावून ती पांढरी गादी पाहिली आणि पाय मागे घेतला.

"पाय वल्ले हायेत," ती म्हणाली.

"असू दे, बस वं माय," ताई पावसात उभ्या राहून म्हणाल्या, "मी भिजून राह्यली इकडं."

ती अंग चोरून आत गेली. गाठोडे मांडीवर घेतले. नातीने तिला पट्टा कसा ओढायचा ते दाखवले, आणि तो खट्कन बसला तेव्हा दोघी हसल्या. परतवाड्यापर्यंत त्या काय बोलत होत्या ते पुढे मला ऐकू आले नाही. नव्या गाडीत यंत्राचा आवाज कमी, पण अंतर जास्त आहे.

थांब्यावर पुन्हा ताई उतरल्या, पुन्हा आसन पाडले, बाई बाहेर आली. भाड्याचे पैसे काढायला ती कनवटीला हात लावू लागली तेव्हा भाच्याने मानेनेच नको म्हटले. ती निघाली, चार पावले गेली आणि परत फिरली. गाडीच्या मागे जाऊन तिने ते दार, ज्यातून ती आत आली नव्हती आणि बाहेर पडली नव्हती, हाताने दाबून नीट लागले आहे की नाही ते पाहिले, वरून एक थाप मारली, आणि गर्दीत गेली.